बारीक केलेली गाणी

लाखांदूरच्या एसटी स्टँडसमोर तेव्हा मोबाइलची तीन दुकानं होती आणि तिन्हींत गाणी भरून मिळायची. तरी लांबच्या गावांची माणसं आमच्याच दुकानात यायची, कारण एका कार्डात सगळ्यांत जास्त गाणी मी बसवायचो. दुकान मालकाचं होतं, मी पगारी. पण गिऱ्हाईक मालकाला विचारायचं नाही. आत डोकावून म्हणायचं, "गाणे बारीक करणारा आहे का?" मी नसलो तर शेजारच्या हॉटेलात चहा पीत बसायचं. याचा मला माज होता, हे आधीच सांगून टाकतो.

बारीक करणं म्हणजे काय, ते आता कोणाला सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं. पण हल्लीच्या पोरांच्या फोनमध्ये अख्खं गाव मावेल एवढी जागा असते, म्हणून सांगतो. तेव्हा कार्ड असायचं दोनशे छप्पन एमबीचं. श्रीमंत असेल तर एक जीबीचं. एक गाणं चार-पाच एमबी खायचं. म्हणजे पन्नास गाण्यांत कार्ड फुल्ल. आता धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, दिवसभर एकटा राबणारा माणूस पन्नास गाण्यांवर किती दिवस काढणार? तो म्हणायचा, "बाबू, दोनशे तरी बसव." मग मी कॉम्प्युटरवर त्या गाण्याला एमबीभराचं करायचो. दोन कानांचं गाणं एका कानाचं करायचं, कारण त्या फोनांना स्पीकर तरी कुठे दोन होते? मग त्यातली बारीकसारीक किणकिण, जी त्या फोनातून तशीही ऐकू येणार नाही, ती झाडून टाकायची. उरायचा तो गाण्याचा सांगाडा. पण तो गायचा, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. वरठीच्या कारखान्यात ड्युटीवर जाणारे यायचे, गोसीच्या धरणामुळे नव्या वस्तीत राहायला गेलेले यायचे, नाटकमंडळीतले यायचे. कार्ड रुमालाच्या गाठीत किंवा विड्याच्या कागदात बांधून आणायचे. लाइट गेली की लाइट येईपर्यंत बाकड्यावर बसायचे. आमच्याकडे लाइट दिवसातून बरेचदा जायची.

एकच गिऱ्हाईक माझ्यावर नाराज होतं. तो नाटकात पेटी वाजवायचा, सगळे त्याला मास्तर म्हणायचे. मी भरून दिलेलं कार्ड घेऊन तो दुसऱ्या दिवशी परत आला.

"बाबू, यातली झांज कुठी गेली?"

"झांज आहे नं, मास्तर."

"कुठी आहे? हे त तव्यावर पाणी शिंपडल्यावानी वाजून राहिलं."

"मोबाइलात एवढंच येते."

त्याने फोन माझ्या कानाला लावला, मग स्वतःच्या कानाला लावला, आणि म्हणाला, "तू म्हणशील कोंडा काढला. मले त तांदूळही दिसून नाही राहिला."

तो गेल्यावर मी आणि मालक खूप हसलो. म्हातारा खुसपट काढतो, असं आमचं मत पडलं. मास्तर पुन्हा आला नाही. आज तो भेटला तर मी त्याच्या पाया पडेन, पण तोही आता नाही.

गाण्यांतून आणखी जागा कशी काढावी, हा मला नादच लागला होता. एकदा त्या सॉफ्टवेअरमध्ये मला एक छोटी चौकट सापडली. तिच्यात खूण केली की गाण्यातले शांत तुकडे आपोआप कापले जायचे. गाणं सुरू होण्याआधीचं दोन सेकंदांचं काही नाही, संपल्यानंतरचं काही नाही, मध्ये गायक थांबतो तेव्हाचं काही नाही. मला कोण आनंद झाला! कॉम्प्युटरच्या हिशेबात शांततेलाही गाण्याइतकीच जागा लागते. जिथे काही वाजतच नाही तिथे गिऱ्हाइकाची जागा कशाला वाया घालवायची? किती हळू आवाजाला शांतता म्हणायचं, ते ठरवायला तिथे एक सरकती पट्टी होती. कॅसेटवरून उतरवलेल्या जुन्या भजनांत मधल्या जागी सूंऽऽ असा आवाज राहायचा, तोही जावा म्हणून मी ती पट्टी चांगली पुढे सरकवली. काम फत्ते झालं. ती खूण मी परत कधी काढली नाही.

आता आईबद्दल.

आमची तीन बांध्यांची शेती होती, गावाच्या बोडीखाली, म्हणजे छोट्या तळ्याखाली. आई रोवण्याच्या दिवसांत आमचं आटोपून दुसऱ्यांकडेही रोवायला जायची. सात बायांचा जमाव होता आणि आई त्यांची म्होरकी. रोवणं हे कमरेचा काटा ढिला करणारं काम आहे. चिखलात वाकून, एकेक रोप खोचत, मागे मागे सरकायचं, दिवसभर. ते गाण्यावाचून होत नाही. आई ओळ उचलायची, बाकी बाया झेलायच्या. आईचा आवाज गोड नव्हता. खणखणीत होता. दोन बांध्यांपलीकडे नांगर धरणारा बाप्या थांबून ऐकायचा. तिची गाणी माहेरची होती. जिल्हा फुटला तेव्हा तिचं माहेर गोंदियात गेलं आणि आम्ही भंडाऱ्यात राहिलो. "माह्या मायचा जिल्हाच बदलवून टाकला मेल्यांनी," असं ती कोणाकोणाला, खरं म्हणजे सगळ्यांनाच, ऐकवायची.

जीभ तिची धारदार होती. बाबांना तर ती सोडायचीच नाही. बाबा बैलबंडीवरून पडून एका पायाने अधू झाले होते, आणि बोलायला मुळातच कमी. ती दिवसभर त्यांना काही ना काही टाकून बोलायची: चहा सांडला, खुंटी हुकली, बैल चुकीच्या बाजूला बांधला. बाबा ऐकून घ्यायचे. मला वाटायचं, यांचं आपसात पटत नाही. लहानपणी मला याचं वाईटही वाटायचं. मोठेपणी सवय झाली.

ज्या वर्षी मी आईच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग केलं त्या वर्षी माझ्याकडे नवा चायना मोबाइल होता. त्यात टेप करायची सोय होती. दुकानाला सुट्टी होती, आमच्याच बांधीत रोवणं चाललं होतं. झिमझिम पाऊस होता. मी फोन पारदर्शक पिशवीत घालून धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या बांधावर, उभा राहिलो.

आई वाकलेल्या अवस्थेतच म्हणाली, "फोटो काढून राहिला का?"

"नाही, गाणं."

"मंग माहं तोंड कायले पाहून राहिला? उभा राहाय तिकडे." आणि बायांना म्हणाली, "चला वो, आज आपला रेडिओ लागते."

मी हात लांब करून फोन धरला. गाणी सुरू झाली. एक संपलं की जरा वेळ बाया बोलायच्या, मग दुसरं. बाबा परह्याच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या आणून बांधीत टाकत होते. मी काय करत होतो? मी पडद्यावरचे आकडे पाहत होतो. बॅटरीची एक काडी उरली होती आणि गाण्याच्या मधेच फोन बंद पडेल याची मला धास्ती होती. एकतीस मिनिटं चाळीस सेकंद झाल्यावर मी बटण दाबलं. तो आकडा मला आजही पाठ आहे. बाकी त्या अर्ध्या तासातलं मला फारसं काही आठवत नाही.

फाइल भलीमोठी झाली होती. दुकानातला कॉम्प्युटर सदा गळ्यापर्यंत भरलेला. आमचा नियम होता, बारीक झालं की मोठं उडवायचं. दोन-दोन ठेवायला जागा कोणाच्या बापाची होती? त्या आठवड्यात बाबांचा फोन भरायचा होता. त्यांना भजनं हवी होती. आईदेखत मागितली आणि तिची पाठ वळल्यावर हळूच म्हणाले, "तुह्या मायचं बी टाकजो."

मी टाकलं. बाकीच्या ढिगाबरोबर तेही बारीक केलं, कार्डात भरलं, मूळ फाइल उडवली. माझ्या फोनमधलीही उडवली, कारण मला त्यात सिनेमाची गाणी भरायची होती. सवयीचं काम होतं, पाच मिनिटंही लागली नसतील. बारीक केलेलं मी ऐकून पाहिलं नाही. आई घरातच गात होती, तिचं रेकॉर्डिंग कोण ऐकतं? बाबांनी एकदा सपरीत, पुढच्या ओसरीत, बसून लावायचा प्रयत्न केला, तर आतून आवाज आला, "बंद करा तो भोंगा. मी जिती आहो नं अजून?" बाबांनी बंद केला तो कायमचाच.

दोन वर्षांनी आई गेली. ताप आला, उतरेना. भंडाऱ्याला नेलं. चौथ्या दिवशी परत आणलं ते झाकूनच. धान निसवायचे दिवस होते, बांध्यांत पाणी होतं. सातांपैकी उरलेल्या सहा बाया अंगणात येऊन बसल्या, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की त्या बाया आईशिवाय नुसत्या बसूनही राहू शकत नव्हत्या. एक उठली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली येऊन बसली. त्या काय करत होत्या, कोणालाच कळत नव्हतं.

तेरवी झाली. पाहुणे गेले. घरात मी आणि बाबा. दुपारची वेळ होती. बाबा सपरीत खांबाला टेकून बसले होते. त्यांनी खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर धरला.

"बाबू, तुह्या मायचं लाव."

मी शोधून लावलं. तिचा आवाज आला, आणि मला पहिला धक्का तिथेच बसला. तो आईचा होता आणि नव्हता. जसा काही तिने तोंडावर पदर धरला होता. तिच्या आवाजातली खणखण होती ना, जिच्यासाठी बाप्ये नांगर थांबवायचे, ती मी झाडून टाकली होती. मला मास्तर आठवला. बाया झेलत होत्या ते तर पाण्यातून आल्यासारखं येत होतं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांना काही वाटलं नसावं. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी चाललं होतं. मला जरा बरं वाटलं. म्हटलं, चालून जाईल.

तिसरं गाणं संपत आलं तसे बाबा सावरून बसले. त्यांनी हात वर केला, म्हणजे मी गप्प राहावं. ते फोनवर वाकले. गाणं संपलं, आणि संपता संपताच बायांचा मोठ्ठा हसण्याचा आवाज आला. मग चौथं गाणं.

"मांगं घे," बाबा म्हणाले.

मी मागे घेतलं. गाणं संपलं, बाया हसल्या.

"अजून मांगं घे. तू पुढं नेलं वाटते."

"नाही बाबा."

तिसऱ्यांदा लावलं. गाणं, हसणं. मधे सुई जाईल एवढीही जागा नव्हती. बाबा माझ्याकडे पाहू लागले.

"हासल्या ते त येऊन राहिलं. कायले हासल्या, ते कुठी गेलं?"

मी फोन हातात घेऊन फाइलची लांबी पाहिली. सत्तावीस मिनिटं आणि वर काही सेकंद. मला एकतीस चाळीस पाठ होतं. चार मिनिटं कमी होती. गाणी तर सगळी होती. मग गेलं ते मधलं, गाण्यांच्या मधे आई जे बोलत होती ते सगळं. बोलायचा तिचा आवाज गाण्याहून हळू, त्यात ती लांब, वाकलेली, तोंड चिखलाकडे. माझ्या त्या पट्टीच्या हिशेबात ते काही नव्हतंच. हसणं मोठ्याने होतं, म्हणून वाचलं.

"काय होतं बाबा तिथी?"

ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "तुही माय बोलली होती मले. मी पेंढ्या आणून टाकून राहिलो होतो, पाय लयच ठणकत होता. ते पाहून म्हणे, 'अजी, बसा थोडं. मी आहो नं.'" आणि म्हणाले, "मंग बाया हासल्या. तिच्या तोंडून असं निंगालं म्हणून."

मी फाइलची लांबी पुन्हा पाहिली.

"जिंदगीत एकदाच म्हणली बाबू. आता रोज मनात म्हणून पाहतो, त वाटते, खरंच म्हणली का मीच बसवलं? तेरा दिवसांत असं झालं. म्हटलं, मोबाइलात आहे, कायले घाबरतो. ऐकलं की पक्कं होते."

मी त्यांना सांगितलं. लपवणं शक्यच नव्हतं. म्हटलं, बाबा, ते मी कापलं. मुद्दाम नाही, मशीननं कापलं, पण मशीनला मीच सांगितलं होतं.

"कायले?"

"जागा वाचवाले."

"कायच्यासाठी?"

"तुमचे भजनं बसवाले."

चार मिनिटांत बारीक केलेलं एक भजन बसतं. बाबांनी विचारलं, कोणतं बसलं. कोणतं होतं ते मला कुठलं माहीत असणार, पण यादीतलं शेवटचं होतं त्याचं नाव मी सांगितलं. ते भजन त्यांनी कधी लावलंच नव्हतं. ते म्हणाले, "बरं," आणि फोन खिशात ठेवला. ते ओरडले असते, त्यांनी मला त्यांची काठी हाणली असती, तर मी उभा राहून खाल्ली असती. पण ते घरात गेले आणि त्यांनी चुलीवर चहा ठेवला, दोघांचा.

मी पुढचे सहा महिने वेड्यासारखे काढले. दुकानातल्या कॉम्प्युटरवर उडवलेल्या फाइली परत आणायचं सॉफ्टवेअर लावलं. दोन दिवस ते चाललं, लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या जुन्या फोनचं कार्ड मी एका गिऱ्हाइकाला देऊन टाकलं होतं. तो सापडला, कार्डही सापडलं. ते घेऊन भंडाऱ्याला एका जाणकाराकडे गेलो. त्याने जे बाहेर काढून दिलं ते मी रात्रंदिवस ऐकलं. सगळी गाणीच होती. तुटकी, अर्धी, एकावर एक चढलेली, आणि सगळी मीच कधीतरी बारीक केलेली. आईचा एक श्वाससुद्धा त्यात नव्हता. त्या दिवसानंतर मी दुकानात ती शांततेची खूण काढून टाकली. मालक म्हणाला, आता कार्डात गाणी कमी का बसतात? मी म्हटलं, कमीच बसू द्या. माझा आवाज चढला असणार, कारण तो पुन्हा बोलला नाही.

पुढच्या रोवण्यात मला सुचलं की बाया तर आहेत. मी एका दुपारी, त्या जेवायला धुऱ्यावर बसल्या असताना, गेलो. आईच्या जागी आता दुसरी म्होरकी होती. मी विचारलं, त्या दिवशी मी टेप करत होतो, तिसऱ्या गाण्यानंतर तुम्ही सगळ्या हसल्या, आठवतं का? आई काय म्हणाली होती?

"तुह्या बापाचा पाय घसरला होता," एक म्हणाली.

"नाही वो, ते त वरच्या बांधीत. त्या दिवशी तिनं मले म्हटलं होतं की तू रोवतं का बकऱ्या चारतं." आणि त्या दोघी आठवणीनेच हसू लागल्या.

आईची सगळ्यांत जवळची मैत्रीण म्हातारी झाली होती. ती शिदोरीचं फडकं घडी करत म्हणाली, "बाबू, त्या एका दिवसात आमी दहादा हासलो असू. तुही माय रोजच हासवे. कोणतं सांगू?" मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "आन तू नव्हता का तिथी?"

होतो ना. सगळ्यांत जवळ मीच होतो. धुरा ते आई, दहा पावलं.

घरी जाताना वाटेत मी मनाशी ठरवलं. बोडीच्या पाळीवर थांबून एकदा म्हणूनही पाहिलं, आवाज नीट निघतो का ते. बाबा सपरीत वाटच पाहत होते. मी बायांकडे जाणार हे त्यांना मीच सांगून ठेवलं होतं.

"इचारलं का?"

"हो. म्हणाल्या, तसंच म्हणली होती तुही माय. 'बसा थोडं, मी आहो नं.'"

"सगळ्या म्हणाल्या?"

"सगळ्या."

बाबांच्या मिशीत हसू आलं. "त्या बाया एका तोंडानं कवा बोलल्या रे?"

"खरंच बाबा. आन मले बी आठवते. मी होतो नं तिथी."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट एखाद्या लहान पोराची समजूत काढावी तसं ते म्हणाले, "नाही बाबू. तू त मोबाइलच पाहून राहिला होता."

मी बाजूला जाऊन रडलो. आई गेली तेव्हाही मी एवढा रडलो नव्हतो. ती माझ्यासमोर, दहा पावलांवर, जिंदगीतलं एकुलतं एक मऊ वाक्य बोलली, आणि मी बॅटरीची काडी पाहत होतो. मशीनने तर नंतर कापलं. माझ्या कानांनी ते आधीच कापून टाकलं होतं.

त्यानंतर बाबांनी तो विषय कधी काढला नाही. पण रोज दुपारी ते फोन लावायचे. तिसरं गाणं संपत आलं की ते वाक्य ते स्वतःच म्हणायचे, आईच्या वतीने, हळू आवाजात. पण ते बसायचं नाही. गाण्याच्या शेवटच्या सुराला बायांचं हसणं चिकटलेलं होतं. ते "अजी, बसा" म्हणेपर्यंत बाया हसून मोकळ्या व्हायच्या आणि "मी आहो नं" चौथ्या गाण्याखाली दबून जायचं. मग ते दुसऱ्या दिवशी जरा लवकर सुरू करायचे, तर ते तिसऱ्या गाण्यात मिसळायचं. मी आत बसून ऐकायचो. दोनशे छप्पनच्या कार्डात अडीचशे गाणी बसवणारा मी, मला माझ्या बापाचं सहा शब्दांचं वाक्य कुठे बसवता येत नव्हतं. एकदा वाटलं, जाऊन काही म्हणावं. पण काय म्हणणार? ते म्हणत राहिले, चुकत राहिले, आणि अडीच वर्षांनी एका सकाळी उठलेच नाहीत.

दुकान केव्हाच गेलं. गाणी भरून घ्यायला आता कोणी येत नाही. लोकांना जागा उदंड झाली आहे. मी मोबाइलची दुरुस्ती करतो, काच बदलतो, चार्जर विकतो. ती फाइल माझ्याकडे आहे, सहा ठिकाणी ठेवलेली, एमबी न मोजता.

बाबांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी सगळे जेवून गेल्यावर मी सपरीत त्यांच्या खांबाला टेकून ती लावली. तिसरं गाणं संपत आलं. का कोण जाणे, माझं बोट बटणावर होतं. गाण्याचा शेवटचा सूर गेला आणि हसणं यायच्या आत मी ते दाबलं. सगळं थांबलं. अंगणात नुसती दुपार होती. वाक्याला पुरेल एवढा वेळ होता, जास्तही होता. मला ते कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा मी तिथेच डोकं धरून बसलो. एक बटण. साधं थांबायचं बटण, जे दिवसातून शंभरदा मी गिऱ्हाइकांना दाखवत होतो. अडीच वर्षं बाबा रोज दुपारी ते वाक्य कुठे ठेवावं ते शोधत होते आणि मी दाराआड बसून ऐकत होतो. मी उठून जाऊन ते एकदा जरी दाबलं असतं, तर त्यांचं म्हणणं बसलं असतं.

आता मी वर्षातून दोनदाच लावतो, दोघांच्या तिथीला. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी थांबवतो. मी ते वाक्य म्हणत नाही. ते माझं नाही, आणि मी ऐकलेलंही नाही. दोघांना ते म्हणायला-ऐकायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ नुसता बसतो. मग बटण पुन्हा दाबतो, आणि बाया हसतात.